नाकदादाची खुर्ची

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, नळाला भरपूर पाणी. आमची ही ओट्यावरून हात फिरवत चक्क गुणगुणत होती. कामही आवडलं. कोळशापासून केलेलं काळंकुट्ट तेल आमच्याकडे येतं. ते हायड्रोजनबरोबर तापवून त्यातला गंधक काढायचा, की गाडीत घालण्याजोगं डिझेल तयार. नमुने काढायचं काम माझं.

६ फेब्रुवारी
माझ्या जागी आधी होता त्याला सगळे नाकदादा म्हणतात. गेल्या वर्षी इथेच गंधकाचा विषारी वायू लागून गेला. किती गंधक उरलाय ते नुसत्या वासावरून सांगायचा म्हणे. अजूनही नमुन्याची बाटली आधी त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे उघडून ठेवतात, मग लॅबला नेतात. फोरमनने बजावलं, खुर्चीत बसायचं नाही आणि बाटली हुंगायची नाही. हा वायू आधी नाक बधिर करतो, मग माणूस. मला हसूच आलं. मेलेल्याचे एवढे लाड!

११ फेब्रुवारी
ऊठसूट नाकदादा! आज माझा नमुना लॅबमध्ये नापास झाला, तर फोरमन म्हणाला, दादाने केव्हाच ओळखलं असतं. घरी सांगितलं तर ही म्हणते, किती हुशार असतील ना ते! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोटात दुखतंय माझ्या, लपवू कशाला?

१३ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत कोणी नव्हतं. बसलो त्याच्या खुर्चीत. बाटली नाकाशी धरली. सडक्या अंड्यांचा भपका आला, मग काहीच नाही. फोरमन आला तेव्हा तोंडून आपोआप निघालं, गंधक उरलाय, तेल परत तापवा. लॅबनेही तेच सांगितलं! फोरमनने पाठ थोपटली. मूठभर मांस चढलं अंगावर.

१६ फेब्रुवारी
कशाचाच वास येत नाही. चहाचा नाही, हिच्या केसांचाही नाही. फोरमन मला दादा म्हणतो. म्हणजे कौतुक पुन्हा त्याचंच! ही म्हणते, हल्ली किती छान बोलता तुम्ही. पण मी तर दोन दिवस हिच्याशी अबोला—

१७ फेब्रुवारी
हाक मारली. वळूनही पाहिलं नाही तिने. ताटं दोन वाढली. दोघं बसली. मी दारात उभा—

१८ फेब्रुवारी
मी बाहेरच्या खोलीत लिहितोय. स्वयंपाकघरात ही हसतेय. माझ्यापाशी अशी कधीच— आणि तिला हसवणारा आवाज माझाच. ओरडलो. ऐकू गेलं नाही.
तो म्हणतोय, बाहेरच्या खोलीत सडक्या अंड्यांसारखा वास येतोय. ही म्हणते, खिडकी उघडा ना, जाईल.
आला. माझाच शर्ट. कडी काढतोय. वारा आत— पेन धरव—