अठ्ठेचाळीस बटणं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
कार्यक्रमाला सहा आठवडे. वाचनालयाच्या हॉलमध्ये! फंक, जॅझ, रेगे एकत्र वाजवणारा गावातला एकमेव बँड. संस्थापक : मी. वाद्य : ट्रॉम्बोन. तालमीची जागा : माझं गॅरेज (गाडी उन्हात). संकल्प : रोज पहाटे तासभर रियाज.

६.२५
वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. दारातच हात जोडले. भारावले असावेत. बायकोच्या आग्रहाखातर उद्यापासून न फुंकता रियाज.

५ फेब्रुवारी, गुरुवार
तालीम. आमचे ड्रमर म्हणजे दातांचे डॉक्टर. म्हणाले, रेगेमध्ये मोकळ्या जागेला फार महत्त्व. माझ्या वाजवायच्या बारा जागांच्या आठ केल्या. कमी पण मोलाचं वाजवायचं. मेहुणा बेसवर अख्खं गाणं राबतो बिचारा. त्याला कोणी मोकळी जागा देत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आठाच्या तीन. डॉक्टर म्हणतात, लोकांना हुरहूर लागली पाहिजे. बायको म्हणाली, अहो, गॅरेज आहे म्हणून ठेवलंय तुम्हाला. हिला साधी शिट्टी वाजवता येत नाही! लक्ष दिलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. ऑफिस
पाण्याचे मीटर तपासताना डोक्यात तेच. गॅरेज? बँडमधून खरंच काढलं तर? गुरुवार गेला तर आठवड्यात माझं म्हणून उरतं काय? तीन बंद मीटर पास करून बसलो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
तिनाची एक. पण काय जागा! शेवटच्या गाण्यात अठ्ठेचाळीस आवर्तनं गप्प उभं राहायचं, मग एकच लांब सूर. सगळं गाणं त्यावर उभं. मोजणीत किरकोळ अडचण. एकदा एकेचाळिसाव्याला घुसलो, एकदा गाणं संपल्यावर.
आमची गायिका शिवणकाम करते. तिने शर्टाची अठ्ठेचाळीस बटणं दिली. आवर्तन झालं की एक बटण उजव्या खिशातून डाव्यात. उजवा रिकामा झाला की फुंकायचं. हुशार बाई.

५ मार्च, गुरुवार
बटणांनी काम फत्ते! सूर अगदी जागेवर. डॉक्टरांनी डोळे गच्च मिटून घेतले. शिंपीणबाईने लगेच माझ्या कोटाचं माप घेतलं. स्टेजसाठी नवा कोट, तिच्याकडून भेट. कोण करतं हो एवढं?

१४ मार्च, शनिवार. दुपारी ४
कोट फर्स्टक्लास. बटणं दोनदा मोजली. अठ्ठेचाळीस. संध्याकाळी कार्यक्रम झाला की बायकोचं तोंड बंद.

१५ मार्च, रविवार
घात झाला. विसाव्या बटणाच्या सुमारास पायाशी टपटप ऐकू आलं. डाव्या खिशाला तळाशी शिलाईच नव्हती! एवढी निष्णात बाई, विसरली कशी? गुडघ्यांवर बसून बटणं वेचायला लागलो. डॉक्टरांच्या ड्रमखाली सात सापडली.
खरं सांगायचं तर तिथेच थांबलो. ड्रम पाठीत वाजत होता, वर बाई गात होती, मेहुण्याचा बेस लाकडी फळ्यांतून गुडघ्यात येत होता. आपला बँड इतका छान वाजतो? डोळे भरून आले. उठलो तेव्हा टाळ्या पडत होत्या. माझा सूर राहूनच गेला.
घरी आल्यावर बायकोला विचारलं, माझी उणीव जाणवली का? ती म्हणाली, छे! मग पातेलं काढत म्हणाली, चहा टाकू का?

१६ मार्च, सोमवार
शिंपीणबाईला बटणं परत केली. सत्तेचाळीस भरली. म्हणाली, असू द्या. कोट पुढे केला, खिसा तेवढा शिवून द्या म्हटलं. तिने कोट नीट घडी करून माझ्याच हातात ठेवला. असाच राहू द्या, म्हणाली, लाभला आपल्याला.
गुरुवारी तालीम. गॅरेज झाडून ठेवलं.