तांदळात लिहिलेलं नाव

बाबा, आज अकोल्याला जाऊन आले. कोर्टाच्या कुंपणाजवळचं कडुनिंबाचं झाड अजून आहे. त्याखाली तुमचं टेबल आणि टाइपरायटर असायचा, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. बडनेऱ्याहून गाडी तासभर उशिरा सुटली, येताना बसायला जागा नव्हती, गुडघे बोलताहेत. पण गोष्ट तुमच्याच कामाची आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमची नात कॅनडात असते. तुम्ही तिला पाहिलं नाही. जावयाला तिथे नोकरीचा परवाना आहे आणि त्याची बायको म्हणून तिलाही राहता येत होतं, काम करता येत होतं. यंदा मुदत वाढवायचा अर्ज केला तो नाकारला गेला. पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरी ठेवलेलं. या दोघी एकच, असं सांगणारा कागद कुठेच नाही. त्या दिवसापासून तिचा तिथला कायदेशीर दर्जा गेला. तो परत मागायला नव्वद दिवस देतात. वकील शोधण्यात आणि एकमेकांना धीर देण्यात त्यातले बरेचसे गेले, पंधरा उरले. हाही अर्ज फेटाळला गेला तर तिला सामान बांधून परत यावं लागेल, नवरा तिकडे आणि ही इकडे. दवाखान्यातलं काम तर बंदच आहे. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, आईचं प्रतिज्ञापत्र पाठवा. लग्न अकोल्यात झालं, दाखला अकोल्याचा, म्हणून मी तिथे गेले.

शनिवारी कॉन्व्हेंटची शाळा लवकर सुटायची आणि मी निळा स्कर्ट सांभाळत तुमच्या टेबलाशी येऊन बसायचे. तुम्ही टाइप केलेलं इंग्रजी मी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तुम्ही आजूबाजूच्या अर्जनवीसांकडे ऐटीत बघायचात. एकदा एक बाई अर्ज लिहून घ्यायला आली. तुम्ही नाव विचारलं तर तिने दोन सांगितली. मी फिसकन हसले. तुमची बोटं थांबतात, तुम्ही माझ्याकडे बघता. ‘काहून हासून राहिली तू? एक नाव बापानं ठेवलं, एक नवऱ्यानं. तिले कोनी इचारलं का?’ मग त्या बाईला माझ्यासाठी आणलेला चहा दिलात.

माझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी तुम्ही अमरावतीला आलात. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात स्टॅम्प पेपर. ही दोन्ही नावं माझ्याच मुलीची, असं शपथेवर लिहून आणलं होतं. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, व्याही पोरीला भेटायला आले की नोटीस बजावायला? सगळे हसले, तुम्हीही हसलात. निघताना दारात हळूच म्हणालात, ‘सासरचं नाव लाव, माही ना नाई. पन हा कागद सांभाळून ठेव.’ मी तो पदराखाली लपवून आत नेला. पुढे शाळेतल्या नोकरीला तोच कामी आला आणि तुम्ही गेल्यावर पेन्शनलाही. नोकरीच्या वेळचं मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आज भेटलेली वकील माझ्या मुलीपेक्षा लहान. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘काकू, तांदळाच्या ताटाचा फोटो हाय का?’ तिकडच्यांना ही पद्धत कुठून माहीत असणार, फोटो जोडला तर नाव कसं बदलतं ते दिसेल. मी अल्बमच नेला होता. ताटात तांदूळ पसरलेले, जावई अंगठीने नवं नाव गिरवतो आहे, मुलगी ताटाकडे बघते आहे. तिच्यामागे मी उभी, दात दिसेपर्यंत हसते आहे. वकील म्हणाली, झकास पुरावा आहे, नवरा-नवरी दोघंही आहेत आणि शपथ घेणारी आईसुद्धा.

प्रतिज्ञापत्र ती लिहीत गेली, त्यातलं इंग्रजी मी नीट करून दिलं. एका जागी ती थांबली. नाव कोणाच्या सांगण्यावरून बदललं, काय लिहू? मी म्हटलं, प्रथेप्रमाणे. तिने तसं लिहिलं, मी सही केली, शिक्का बसला. स्कॅन करून तिथूनच पाठवलं. ते मिळाल्यावर मुलीचा फोन आला. अर्ज आजच जाईल, निकालाला मात्र महिने लागतील म्हणाली. मग विचारलं, ‘आई, तू जेवलीस का?’

बाबा, मांडवात शिरण्याआधी ती माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, आई, माझं नाव राहू दे ना, तू सांग त्यांना. नवं नाव लिहायचं ना, असं व्याह्यांनीही मला विचारलं होतं. मीच म्हणाले, लिहा, लिहा, आमची काही हरकत नाही. तुमच्यासारखा कागद करून घ्यायचं सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण तुम्ही स्टॅम्प पेपर घेऊन माझ्या सासरी आलात त्या दिवशीचं सगळ्यांचं हसणं आठवलं, आणि आपल्यालाही कोणी तसं हसू नये असं वाटलं. मला तुमची लाज वाटली होती, बाबा. आज मी शपथेवर ‘प्रथेप्रमाणे’ लिहून आले आहे.