वरची कोरी पट्टी

गुरुवार, चौदा तारीख
दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

“वरची पट्टी रंगवायची राहिली का हो?” माझ्यामागे एक बाई नवऱ्याला विचारते आहे. नवरा म्हणतो, “मॉडर्न आहे ते. हळू बोल.” मी संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात बाकावर बसलो आहे. मांडीवर कॅटलॉग, त्यावर हा कागद, समोर चित्र.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण फक्त जिना चढताना, आणि उतरताना. भाऊजींचा खोकला कसा आहे?

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी आलं आणि तीनच वाक्यांचं. “पेपरात मी आले आहे. आधी मशीन ओळखलं, मग स्वतःला. पेंटर बरा झाला का?” खाली सहीसुद्धा नाही. अक्षरावरून ओळखलं. सही नसल्यावरून जास्त ओळखलं.

पेंटरचं नंतर सांगतो. आधी चित्राचं सांगू दे, तो माझा विषय आहे.

उद्या सकाळी दहा वाजता याच दालनात या चित्रावर माझं व्याख्यान आहे. पेपरात फोटोसकट आलेली बातमी त्याचीच. एकच चित्र, त्याच्या काळासकट आणि समाजासकट वाचायचं. अकरा पानं लिहून तयार आहेत. तुला थोडक्यात सांगतो. चित्रात एक बाई शिलाई मशीनशी बसलेली आहे. तिच्या ओठांत टाचण्या आहेत. मी लिहिलंय की ही समाजाने बोलती बंद केलेली स्त्री. तिची नजर कापडावर नाही, चौकटीबाहेर आहे. मी लिहिलंय की ती पाहणाऱ्याची सत्ता नाकारते. चित्र कॅनव्हासवर नाही, पत्र्यावर आहे. ते यंत्रयुगावरचं भाष्य. चारही कोपऱ्यांत भोकं आहेत. त्यांना मी जखमा म्हटलंय. आणि वर एक हातभर रुंद कोरी पिवळी पट्टी आहे. तिच्यावर साडेतीन पानं आहेत. शीर्षक: ‘नाकारलेलं आकाश’.

हसू नकोस. विद्यापीठात यावर टाळ्या पडल्या आहेत.

परवा मी विद्यार्थ्यांना चित्र दाखवत होतो. या दालनाचा पहारेकरी दाराशी स्टुलावर बसलेला असतो. जखमांपाशी आलो तेव्हा तो उठला.

“साहेब, ती खिळ्यांची भोकं आहेत.”

मी म्हटलं, “असतील. पण कलेत खिळाही—”

“बोर्ड आहे हा, साहेब. मी वीस वर्षं बोर्ड रंगवलेत. वरची पट्टी दुकानाच्या नावाला सोडतात. नाव शेवटी घालतात. आधी घातलं आणि मालकाने बदललं तर सगळं पुसा.” मग जवळ जाऊन, मान तिरकी करून म्हणाला, “हात चांगला होता माणसाचा. पण म्हातारा असणार. कड बघा, थरथरलीय.”

त्या कडेला मी ‘अस्वस्थ आधुनिक रेषा’ म्हटलंय. पान सात.

एका मुलीने विचारलं, “सर, मग आकाशाचं काय?” मी म्हटलं, दोन्ही अर्थ शक्य आहेत. ताई, मी इतका सहज खोटं बोललो की मलाच बरं वाटलं नाही.

कारण मला हे सगळं माहीत होतं. तुला काय सांगायचं, तूच तिथे बसली होतीस. आपले नाना ओट्याजवळ पत्रा टेकवून रंगवत होते आणि तू दुधावर लक्ष ठेवत मशीनशी बसली होतीस. नजर तिकडेच आहे, सत्ताबित्ता काही नाही. आणि टाचण्या तोंडात असतानाच काय ती तू गप्प असायचीस. म्हणून नानांनी तेवढा वेळ साधला.

नाव मात्र त्यांनी घातलं नाही. तुझ्या शिलाईच्या दुकानाला भाऊजींच्या आईचं नाव द्यायचं की तुझं, यावर तुमच्या घरी चार महिने चर्चा चालली. शेवटी तू तुझं ठरवलंस आणि सांगायला गेलीस, तेव्हा नानांनी ब्रश बाजूला ठेवला होता. मला एकट्याला म्हणाले, “चित्र थरथरलं तर चालतं. अक्षर थरथरलं तर गिऱ्हाईक हसतं. दुसऱ्या कुणाकडून नाव घालून आण.” जन्मभर गावच्या पाट्या रंगवलेला माणूस. हे त्यांनी तुला सांगितलं नाही, आणि मीही आजवर नाही.

ते गेल्यावर मी पत्रा घेऊन आलो, नाव घालायलाच. खरंच त्याचसाठी. इथे संग्रहालयातल्या माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला होता. संचालक चहाला आले, उभेच राहिले. म्हणाले, “हे कुठे मिळालं?” ताई, मी म्हणू शकलो असतो, वडिलांनी बहिणीच्या दुकानासाठी केलेला बोर्ड आहे. मी म्हणालो, जुन्या सामानात. चित्रकार? अज्ञात. बाई? अज्ञात. पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा म्हणून मी इथल्या खुर्चीत शोभणार नाही असं मला वाटलं. महिन्याभरात चित्र भिंतीवर आणि मी तज्ज्ञ.

तुला कळवलं, नाव घालणारा पेंटर आजारी आहे. सहा वर्षं. एवढा चिवट आजारी माणूस आपल्या ओळखीत दुसरा नाही. मधे त्याला कावीळ झाली, एकदा त्याचा हात मोडला, हे मीच लिहिलं होतं. मोडलेल्या हाताला तू लावायचं तेलसुद्धा पाठवलंस. ते मी गुडघ्याला वापरलं.

पेंटर नाही, ताई. कधीच नव्हता.

तुझ्या दुकानाच्या दाराला पाटीऐवजी अजून पुठ्ठा टांगलेला आहे, हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी मी रस्त्यापलीकडून पाहिला आणि परत फिरलो. आत तू कुणाशी तरी भांडत होतीस, चेन बसवण्यावरून.

उद्या व्याख्यानात काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. खरं सांगितलं तर मी सहा वर्षं खोटा होतो हे सगळ्यांना कळेल. नाही सांगितलं तर फक्त तुला माहीत राहील, आणि ते मला जास्त जड जातंय. पत्रा तुला परत हवा असेल तर लिही. शिव्या घालायच्या असतील तर कार्ड पुरणार नाही, पाकीट वापर.

नानांचा मुलगा म्हणून लिहितो आहे, बऱ्याच वर्षांनी.

तुझा
धाकटा

शुक्रवार. पाकीट बंद करायच्या आधी: अकरा पानं घरीच ठेवली. सांगितलं. संचालक म्हणाले, समिती बसेल, माझं काय करायचं तेही समितीच ठरवेल. चित्राखालचं ‘अज्ञात’ काढून मी नानांचं आणि तुझं नाव कागदावर लिहून तिथे लावलं, दुकानाच्या पत्त्यासकट. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा मागून एका गृहस्थांनी हात वर केला: “ताई पँट आखूड करून देतात का?” मी म्हटलं, देते. चौघांनी पत्ता उतरवून घेतला.