होणाऱ्या जावयाची हुर्यो करण्याबाबत

ईरी, ऑगस्टचा दुसरा रविवार

प्रिय फादर इग्नेशियस ऊर्फ दादा यांस,

काझिमिरचा नमस्कार. तू पाद्री झालास तेव्हा तुला आता 'तुम्ही' म्हणावं असं वांडाचं मत आहे. पण ज्याच्यासोबत लहानपणी एका टबात, एकाच पाण्यात आंघोळ केली (तीही त्याचं उरकल्यावर), त्याला 'तुम्ही' म्हणताना माझी जीभ अडखळते. देव चालवून घेतोय, तूही घे. तुझा गुडघा कसा आहे? डेटनमध्ये यंदा उकाडा फार आहे असं रेडिओवर ऐकलं. चर्चमधल्या बाया आणून देतात ते सगळे केक एकट्याने संपवू नकोस. इकडे सर्व खुशाल. म्हणजे वांडा बायको असून माझ्याशी बोलत नाही, लेक ल्युसिल कुणाशीच बोलत नाही आणि मी तळघरात जेवतो. टोमॅटो मात्र छान आलेत.

तू गाव सोडलंस तेव्हा मी नुसता मोठ्या आवाजाचा काझ होतो. आता माझं नाव आहे. इंजिनांच्या कारखान्यात मी दिवसभर काय करतो ते कुणी विचारत नाही, पण संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानात उजव्या कुंपणालगतच्या माझ्या बाकावर येऊन बसलो, की आसपासचे लोक शेंगा फोडायच्या थांबतात. पाहुण्या संघाचा जो खेळाडू मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभा राहतो, तो माझा. त्याची टवाळी करायचा हक्क या गावात दुसऱ्या कुणाला नाही. माझी तत्त्वंही आहेत, ऐकून तुला बरं वाटेल. आई काढायची नाही, बायको काढायची नाही, रंग, धर्म, दुखापत काही काढायचं नाही. (आजी चालते.) आणि सगळ्यांत मोठं तत्त्व, जे या खेळातलं शेंबडं पोरही जाणतं: ज्याच्यात दम आहे त्यालाच आम्ही छळतो. ज्याच्याकडे आम्ही ढुंकूनही बघत नाही, त्याने खुशाल समजावं की आपला खेळ संपला, आता कुठेतरी टायर विकायला बसावं.

तुमच्या डेटनच्या संघातला ऑर्लो टिबेट्स हा माझा सर्वांत लाडका. "ऑर्लो, तुझ्या आजीचा फोन आला होता रे, म्हणते टीव्हीवर तू दिसलाच नाहीस!" असं मी ओरडलो की तो हातमोजा तोंडावर धरून हसायचा. एकदा माझा आवाज बसला होता, तर पुढच्या डावात कुंपणावरून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट येऊन माझ्या मांडीत पडलं. असा गुणी पोरगा. ल्युसिल माझ्याबरोबर यायची ती मांडीवर पुस्तक उघडून बसायची. मला वाटे, बापाची लाज वाटते म्हणून मान खाली घालते. पुस्तकाच्या वरून ती कुठे बघत होती ते मला जूनमध्ये कळलं, जेव्हा तिने जाहीर केलं की लग्न करीन तर ऑर्लोशीच.

ठरलं असं, की जुलैतल्या इकडच्या सामन्यानंतर ऑर्लोने घरी जेवायला यावं आणि रीतसर मागणी घालावी. वांडाने सकाळपासून बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी करायला घेतले आणि निघताना मला आईच्या जपमाळेवर हात ठेवायला लावला. "होणाऱ्या जावयाची चारचौघांत शोभा करशील तर याद राख. आज तोंडातून चकार शब्द नको." मी शपथ घेतली. दादा, ही जपमाळ तूच तिला दिली होतीस, तेव्हा पुढच्या प्रकरणात थोडा वाटा तुझाही आहे.

पहिल्या डावात ऑर्लो कोपऱ्यात आला, टोपी उचलली आणि माझ्याकडे बघत थांबला. मी हातातल्या सॉसेजकडे बघत बसलो. शेजारचा म्हातारा ह्युबर्ट मला ढोसायला लागला, "काझ, अरे पाहुणा दारात उभा आहे, बोल की काहीतरी!" मी मान हलवली. तिसऱ्या डावापर्यंत ऑर्लो फलंदाजाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. बिचाऱ्याने एकदा हातमोजा मुद्दाम खाली पाडला, मला काहीतरी सापडावं म्हणून! मी जीभ अशी चावली की डोळ्यांत पाणी आलं. सातव्या डावात एक सोपा झेल त्याच्याकडे गेला, वांडाने ॲप्रनमध्ये झेलला असता इतका सोपा. ऑर्लो माझ्याकडे बघत होता. चेंडू त्याच्या पाठीमागे पडला, आमच्या गड्यांनी तेवढ्यात धावा काढल्या आणि आम्ही सामना जिंकलो.

लोकांना वाटलं ही माझी नवी युक्ती. चहूबाजूंनी बिअर आली. ह्युबर्ट माझी पाठ बडवत होता, "नुसता बसून मारलास रे त्याला!" दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो होता. मी तो कापूनही ठेवला नाही, यावरून काय ते ओळख.

ऑर्लो जेवायला आला नाही. संघाच्या बसपाशी तो ल्युसिलला म्हणाला, "तुझ्या वडिलांनी मला टोमण्याच्याही लायकीचं समजलं नाही. ते मुलगी काय देणार?" ती घरी येऊन रडली. "पपा, तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत! एक शब्द!" मी वांडाकडे बघितलं. वांडा काय म्हणाली असेल? "शपथ घातली म्हणून काय इतकं गप्प बसायचं?" (दादा, यावर एखाद्या रविवारी प्रवचन कर, मी तिला घेऊन येतो.)

तेव्हापासून पोराच्या हातात चेंडू थांबत नाही. संघाच्या व्यवस्थापकाने त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, मग खालच्या लीगमध्ये रवानगी. आणि तो मानी. म्हणतो, मीच नीट उभा नाही तर लग्न कसलं करू. मी फोन केला. "ऑर्लो, तू धावतोस तेव्हा तुझी सावली कंटाळून पुढे निघून जाते!" पलीकडून आवाज आला, "हो सर. खरं आहे सर." शपथेचं सगळं सांगितलं, तर आपली समजूत काढताहेत असं त्याला वाटलं. त्याचंही बरोबर आहे. टोमणा मैदानातच मारायचा असतो, लोक ऐकत असताना. फोनवर ते नुसतं भांडण होतं.

आणखी काय लिहू? सगळ्यांना आशीर्वाद दे.

तुझा धाकटा,
काझिमिर

ता. क. सोबत गुरुवारच्या सामन्याचं तिकीट आहे, तुमच्याच मैदानाचं, उजव्या कुंपणालगत. मी स्वतः आलो असतो, पण तिथल्या फाटकावर माझा फोटो लावलेला आहे आणि तो शोभेसाठी नाही. तुझा आवाज माझ्याहून खणखणीत, शेवटच्या बाकावर झोपलेल्यांना तू उठवतोस. तेव्हा उभा राहा आणि ओरड, "ऑर्लो, ईरीहून काझने विचारलंय, तो हातमोजा आहे की झोळी? झोळीत निदान कुणीतरी काहीतरी टाकतं!"

ता. क. २. घरच्याच खेळाडूवर ओरडतोस म्हणून लोक चिडतील. पाद्र्याची पांढरी कॉलर काढू नकोस. तरी कुणी बिअर फेकलीच, तर ख्रिस्तासाठी सोसतोस तसं माझ्यासाठी सोस. त्याने हातमोजा तोंडावर धरला की समज काम झालं.

ता. क. ३. काल ल्युसिल तळघराच्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, ऑर्लो सांगत होता की त्या कोपऱ्यात चेंडू क्वचितच येतो. सगळं मैदान दुसरीकडे बघत असतं आणि तो एकटा उभा असतो, त्याच्याकडे बघणारा मी एकच होतो. तेव्हा दादा, ओरडायची लाज वाटली तर राहू दे. चेंडू कुठेही असो, तू त्याच्याकडे बघ.