एक डबा अजून बाहेर आहे

पिस्कॅटवे,
१८ मे २००३

तीर्थस्वरूप सौ. शोभनाताई यांस मनोहरचा नमस्कार.

(नमस्कारापुढे ‘विनंती विशेष’ वगैरे सर्व अक्षरे क्रमाने लिहिण्याची माझी सवय आपणास ठाऊक आहे. आपल्या बहिणीच्या, म्हणजे मृणालिनीच्या मते त्यामुळे पत्र उघडताच कोर्टाची नोटीस आल्यासारखे वाटते. निदान तिच्या पश्चात तरी तिचे ऐकावे, म्हणून ती अक्षरे येथे गाळली आहेत.)

नकुलची नोकरी, मोहनरावांचा रक्तदाब आणि आपला गुडघा या तिन्ही गोष्टी ठीक असाव्यात अशी आशा करतो. (नोकरीची चौकशी प्रकृतीच्या आधी केली याचा राग नसावा. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे तोच क्रम रूढ झाला आहे. देवळात भेटलेला मनुष्य आधी ‘अजून तिथेच ना?’ असे विचारतो आणि उत्तर नकारार्थी आल्यास प्रकृतीची चौकशी न करताच प्रसादाच्या रांगेत शिरतो.) माझी प्रकृती बरी आहे. जेवण वेळेवर होते. ते कसे होते याविषयी सध्या राज्याच्या बेकारीखात्यात चौकशी चालू आहे, आणि ती हकिकत आपणास अन्य कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आपण मृणालिनीच्या तेराव्यानंतर जॉर्जियात, अल्फारेटास परतलात तेव्हा माझी स्थिती आपण पाहिलीच होती. कंपनीने मला दिवाळीच्या सुमारास मोकळे केले होते. (‘मोकळे केले’ हा त्यांचाच शब्दप्रयोग. टेलिफोनची जाळी तपासण्यात उमेदीची सर्व वर्षे घालवलेला मनुष्य दार उघडताच पोपटासारखा उडून जाईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी.) मी रीतसर बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. हे खाते बेकारांशी स्वतः बोलत नाही. त्यासाठी त्यांनी एक यंत्र नेमले आहे, आणि त्या यंत्राला मात्र पूर्ण वेळ नोकरी आहे. ठरलेल्या दिवशी त्याला दूरध्वनी करावा, त्याने प्रश्न विचारावेत, आपण होकारासाठी एक आणि नकारासाठी दोन हा आकडा दाबावा. ‘या काळात आपण दररोज कामास उपलब्ध होतात काय?’ या प्रश्नास, मृणालिनी गेली त्या पंधरवड्यात, मी दोन दाबला. सुतकात असलेला मनुष्य कामास उपलब्ध असतो, असे मी सरकारला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तो पंधरवडा बुडाला. ईशान (मृणालिनीकडून डबा नेणाऱ्या मुलांपैकी एक, मूळचा पुण्याचा, सध्या येथील विद्यापीठात) म्हणाला, “काका, तिथे सगळे डोळे मिटून एक प्रेस करतात, यार!” मी त्याला सांगितले की सरकारी प्रश्नांची उत्तरे मी डोळे उघडे ठेवून देतो, आणि मला यार म्हणू नये.

परंतु खरा घोटाळा माझ्या बेकारीतून नव्हे, तर माझ्या मालकीतून उद्भवला. मृणालिनीचा डब्यांचा व्यवसाय वाढला तेव्हा पोळ्यांसाठी तिने रत्नाबाईंना ठेवले. त्या वेळी मी असा आग्रह धरला की एक बाई ठेवली तरी ती कायद्याने कर्मचारी होते, सबब व्यवसायाची नोंदणी करावी आणि रत्नाबाईंच्या नावे बेकारीविम्याचा हप्ता भरावा. मृणालिनी म्हणाली होती, “देशात घरोघरी पोळ्यांना बायका येतात. कुणी कधी सरकारला कळवलंय का हो?” तरीही तिने सह्या केल्या. (ती माझ्या समाधानासाठी अनेक गोष्टी करीत असे. नोकरी गेल्यावर मी रोज सकाळी टाय बांधून जेवणाच्या टेबलापाशी बसत असे, तेव्हा ती ‘ऑफिसात चहा आणू का?’ असे गंभीरपणे विचारी.) ती गेली, आणि व्यवसाय कायद्याने माझ्याकडे आला. म्हणजे मी एकाच वेळी बेकार आणि मालक झालो. रत्नाबाईंनी भत्त्यासाठी अर्ज करताच खात्याने मला एकाच टपालाने दोन पत्रके पाठवली. कामगारांसाठीच्या पत्रकात मालक कोणकोणत्या लबाड्या करतात याची माहिती होती, आणि मालकांसाठीच्या पत्रकात कामगारांपासून कसे सावध राहावे याची. दोन्ही काळजीपूर्वक वाचली. घरात मी एकटाच असल्यामुळे संशयाने कोणाकडे पाहावे, हे समजेना.

त्यासोबत मालकास एक प्रश्न होता: आपण या कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे काय? मी ‘नाही’ असे लिहिले. मी रत्नाबाईंना कमी केलेलेच नव्हते. मृणालिनीने ठेवलेल्या बाईला कमी करणारा मी कोण? खात्याने त्यावरून असा निष्कर्ष काढला की ज्याअर्थी मालकाने काढले नाही त्याअर्थी बाई स्वतःहून सोडून गेल्या, आणि स्वतःहून सोडणाऱ्यास भत्ता नाही. ते पत्र घेऊन रत्नाबाई आल्या. (आपणास त्या आठवत असतील. नागपूरच्या, तेराव्याला ज्यांनी गुरुजींनाही ‘आटपा आता, पोरं उपाशी आहेत’ म्हटले त्या.) त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं खरेपण ताईंनी सांभाळून घेतलं. मले नाही परवडत. माझ्या रुपालीची फी कोण भरेल, यंत्र?” मी त्यांना अपील करण्याचा सल्ला दिला, आणि अर्ज स्वतः लिहून दिला. (म्हणजे माझ्याविरुद्धचा अर्ज मीच लिहिला. तो उत्तम उतरला होता. वाचून मला मालकाचा संताप आला.)

सुनावणीत एक वाक्य सांगितले असते तर प्रकरण मिटले असते: व्यवसाय बंद झाला, म्हणून काम संपले. परंतु व्यवसाय बंद झाला आहे असे मी कसे म्हणावे, हाच प्रश्न होता. कारण डबे फिरतच होते. ते असे. मृणालिनीच्या डब्यांवर तिने लाल नेलपॉलिशने ‘मृ’ काढलेला असे. ती गेल्यावर मुले आपापल्याकडचे डबे परत घेऊन आली. व्यवहार चालू असताना डबा धुऊन रिकामा येत असे, आणि त्यात कोणास गैर वाटत नसे. परंतु आता हे दुःखाचे घर होते, आणि मुलांना पुण्या-नागपुराहून आयांचे दूरध्वनी आले होते की काकूंचा डबा रिकामा नेऊन देऊ नका. सबब एका डब्यात साखर आली, एकात तांदूळ, एकात चॉकलेटची बिस्किटे, एकात मॅगी, आणि शंतनूच्या डब्यात (हा नागपूरचा, स्वयंपाकघरात नुसते पाणी ठेवणारा) पिझ्झाची कूपने. आता सांगा, दिलेले घेतल्यावर काही देणे आलेच. देण्यास भांडे लागते, आणि घरात भांडी तीच. मला शिरा येतो. मी शिरा करून डबे पाठवले. ते पुन्हा भरून आले. मग मी साबुदाण्याची खिचडी शिकलो. (तिचा प्रारंभीचा नमुना ईशानने दाराला पोस्टर चिकटवण्यासाठी वापरला, असे माझ्या कानावर आहे.)

यंत्राने पुढच्या वेळी विचारले, ‘या काळात आपण स्वतःच्या व्यवसायात काही काम केले काय?’ मी विचार केला. मी अन्न शिजवीत होतो, ते नोंदणीकृत व्यवसायाच्या भांड्यांत भरीत होतो आणि त्या व्यवसायाच्या जुन्या ग्राहकांना पोचवीत होतो. मी एक दाबला. लगेच खात्यातील एका जिवंत बाईंचा दूरध्वनी आला. (खोटे सांगणाऱ्यांशी यंत्र बोलते, माणसाची गाठ पडण्यासाठी खरे सांगावे लागते.) ग्राहक मोबदला देतात का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, पैसे नाहीत, चॉकलेटची बिस्किटे. थोडा वेळ टंकलेखनाचा आवाज आला. मग त्यांनी मला वाचून दाखवले की दावेदार उपाहाराचा व्यवसाय करतो व मोबदला वस्तुरूपाने स्वीकारतो. अशा रीतीने माझाही भत्ता थांबला. मृणालिनीच्या व्यवसायाची इतकी भरभराट तिच्या हयातीत सरकारने कधी मान्य केली नव्हती.

हे ऐकून रत्नाबाईंनी मुलांना स्वतः फोन केले. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, परंतु त्या संध्याकाळी सर्व मुले रिकामे, घासलेले डबे घेऊन दाराशी उभी होती, आणि शंतनू म्हणाला, “काका, प्लीज आईला सांगू नका.” मी डबे फळीवर मांडले. एक सोडून सर्व आले.

गेल्या मंगळवारी दूरध्वनीवर सुनावणी झाली. एका टोकाला सुनावणी घेणारे गृहस्थ, दुसऱ्या टोकाला रत्नाबाई, तिसऱ्याला मी, आणि रत्नाबाईंसाठी सरकारने दिलेली दुभाषी. आसावरी नावाची मुलगी, बहुधा इकडेच जन्मलेली. तिने आरंभीच बजावले, “मी फक्त इंटरप्रिट करणार, ओके? तुम्ही दोघांनी एकमेकांशी नाही बोलायचं.” त्यावर रत्नाबाई तत्काळ म्हणाल्या, “भाऊजी, खोकला गेला का?” मुलीने त्याचे भाषांतर केले. गृहस्थांनी विचारले की मालकाचा खोकला नोकरी सुटण्याशी संबंधित आहे काय. मी नाही म्हणालो. रत्नाबाई म्हणाल्या, “त्यांना सांगा, भाऊजी रात्री उघड्या खिडकीशी बसतात म्हणून खोकला होते.” त्याचेही भाषांतर झाले. सरकारी ध्वनिफितीवर माझी खिडकी कायमची नोंदली गेली आहे.

मग मुख्य मुद्दा आला. रत्नाबाई म्हणाल्या, “सांगून टाका ना भाऊजी. ताई गेल्या, डबे बंद झाले. घरमालक जूनच्या पुढं थांबत नाही म्हणते.” मी निवेदन केले की व्यवसायाची आवराआवर शिस्तीने चालू असून एक डबा अद्याप बाहेर आहे. तो कोणाकडे? माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीकडे, जॉर्जिया राज्यात. त्यात काय आहे? बेसनाचे लाडू, आता संपले असावेत. ते कोणी केले? मी म्हणालो, व्यवसायाच्या मालकीणबाईंनी. गृहस्थ शांत आवाजात म्हणाले, “साहेब, व्यवसाय आहे की नाही, एवढेच सांगा.” या प्रश्नास उत्तर माझ्याजवळ तयार होते, मी ते आदल्या दिवशी लिहून, दोनदा तपासून टेबलावर ठेवले होते. परंतु ते वाचता येईना. तेवढ्यात दुभाषीने, कोणी विचारले नसताना, इंग्रजीत सांगितले, “त्यांना म्हणायचं आहे की त्यांची पत्नी वारली, सर.” मी एक अक्षरही उच्चारले नव्हते, आणि माझ्यासाठी दुभाषी दिलेलीही नव्हती. न बोललेल्याचे भाषांतर करणे हा अधिकाराचा उघड अतिक्रम आहे, आणि त्याविरुद्ध लेखी हरकत नोंदवण्याचा मसुदा मी केला आहे. (तो पाठवणार नाही. भाषांतरात चूक नव्हती.) गृहस्थांनी मला येत्या शुक्रवारपर्यंत एका वाक्याचे लेखी निवेदन पाठवण्यास सांगितले: व्यवसाय बंद झाला, सबब कर्मचाऱ्याचे काम संपले. ते आल्यास रत्नाबाईंचा भत्ता सुरू होईल. न आल्यास अर्ज फेटाळला जाईल.

आज रविवार. निवेदन लिहून झालेले नाही. रत्नाबाईंचे नुकसान व्हावे अशी माझी इच्छा नाही, हे आपण जाणता. परंतु भांडी बाहेर असताना व्यवसाय बंद झाल्याचे लिहून देणे अचूक होणार नाही.

मोहनरावांना नमस्कार. नकुल व सूनबाईंस आशीर्वाद.

आपला,
मनोहर

ता. क. आता मूळ कामाचे लिहितो. आपण तेराव्यानंतर नेलेला लाडवांचा डबा कृपया उलट टपाली पाठवावा. झाकणावर ‘मृ’ आहे. तो शुक्रवारच्या आत हवा. आणि एक विनंती, जी करताना मला अत्यंत संकोच वाटतो: तो रिकामा पाठवावा. साखरेचा दाणाही नको. आपणास हे जड जाईल याची कल्पना आहे.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी रत्नाबाई आल्या. टेबलावरचे पत्र त्यांनी उभ्याने वाचले (मी हरकत घेतली होती) आणि म्हणाल्या, “जॉर्जियाहून डबा येईस्तोवर मी काय हवा खाऊ?” मग गॅसवरचा शिरा उतरवला, खिडकी लावली, समोर खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, “लिहा. मी बसते.” मी पुष्कळ वेळ घेतला. त्या बसून राहिल्या. लिहिले ते असे: ‘मृणालिनी गेली, म्हणून डबे बंद झाले.’ त्याचे इंग्रजी केले, खाली सही केली. टपालपेटीपर्यंत तो कागद त्या स्वतः घेऊन गेल्या, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास नाही.

ता. क. तिसरा. तेव्हा आता घाई राहिलेली नाही. शंतनू ऑगस्टमध्ये अल्फारेटास मित्राकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवला तरी चालेल. न पाठवला तरी चालेल. पाठवलात, तर वरची विनंती रद्द समजावी. रिकामा पाठवू नये.