आपल्या मशिदीतल्या तिरक्या रांगा

उस्ताद, काल दुपारी मी उलव्यात एका नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भर उन्हात काठी रोवून उभी होते. तुम्ही पाहिलं असतं तर आधी डोक्यावर पदर घे म्हणाला असतात आणि मग स्वतःच काठी धरायला आला असतात. तिथल्या काही कुटुंबांनी तळमजल्यावरचे दोन गाळे भाड्याने घेऊन नमाजसाठी जागा केली आहे. मागे बायकांसाठीही पडदा लावून जागा ठेवली आहे. गालिचा आला, पण तो अंथरायचा कुठे तोंड करून यावर अडलं. पाच जणांनी पाच मोबाइल काढले आणि मक्केच्या पाच दिशा, पाच किब्ले निघाले. खांबांतल्या लोखंडाने मोबाइलचं होकायंत्र गोंधळतं. कोणीतरी सांगितलं, अमक्या कॉलेजात जमीन मोजायचं शास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांना बोलवा. म्हणून मी गेले. मे महिना सरत आला आहे. हे दिवस म्हटलं तर तुम्हाला वेगळं काही सांगायला नको.

मला आपलं खाडीकाठचं गाव आठवतं. उरणहून यष्टी यायची, फाट्यावर सोडायची, आणि मग मिठागराच्या बांधावरून चालत यायचं. मी सातवीत आहे. सकाळी मराठी शाळा, संध्याकाळी तुमचा मक्तब. मशिदीच्या पडवीत आम्ही वीस-पंचवीस पोरं मांडीवर कुराणाचा सिपारा घेऊन डोलत बसायचो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एखाद्याचा उच्चार चुकला की डोळे न उघडता त्याचं नाव घ्यायचात. त्या वर्षी शाळेत भूगोलाच्या बाईंनी पृथ्वीचा गोल आणि एक होकायंत्र आणलं होतं. मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मी बाईंच्या मागे लागून दोन्ही सुट्टीपुरतं घरी नेलं. अम्माच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर गोल ठेवला, दोऱ्याचं एक टोक आपल्या किनाऱ्यावर, दुसरं मक्केवर. दोरा ताणला तर तो सरळ पश्चिमेला जाईना, थोडा उत्तरेकडे झुकला. मग होकायंत्र घेऊन मशिदीच्या समोरच्या भिंतीपाशी, जिच्याकडे तोंड करून नमाज होते, तिथे गेले. भिंत तर पश्चिमेच्याही दक्षिणेला वळलेली! घड्याळाच्या तोंडावर चार-पाच मिनिटांचं अंतर असेल, तेवढा फरक. संध्याकाळी पडवीत मी सगळ्या पोरांना सांगितलं, "आपली मशीद वाकडी हाय!" आणि आम्ही पोट धरून हसलो.

तुम्ही डोळे उघडलेत. मला उठवलंत आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. सबक संपला, पोरं गेली, मग जवळ आलात. मला वाटलं आता छडी बसणार. तुम्ही म्हणालात, "मशीद वाकडी बोललीस म्हनून उभी नाय केली तुला. हसलीस म्हनून केली. हे दगड कोनी वाहिलेत ठाव हाय? तुझ्या पणज्यानं. त्याच्याकडं होकायंत्र नव्हतं. थंडीच्या दिवसांत बांधकाम काढलं, सूर्य दक्षिनेकडं झुकून बुडताना पाहिला आणि तीच पश्चिम धरली." मी मान खाली घातली. मग तुम्ही म्हणालात, "आता दाखव मला, काय केलंस ते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. बावा घाईने खुर्ची आणायला धावले, तर तुम्ही सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन जमिनीवर बसलात. अम्मा पदर सावरत चुलीआड सरकली. मी दोरा ताणून दाखवला. तुम्ही गोल हातात घेतलात, आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक, आणि बराच वेळ नुसता फिरवत राहिलात. अम्माने विचारलं, "पोरगी काहीतरी आगळीक करतेय का, उस्ताद?" तुम्ही म्हणालात, "नाय गं, मला शिकवतेय." मग मला म्हणालात, मदरशात असताना तुमच्या उस्तादांनी सांगितलं होतं की वर्षातून दोनदा सूर्य मक्केतल्या काब्याच्या अगदी डोक्यावर येतो. त्या घडीला जगात कुठेही काठीची सावली पडली की तिच्या उलट दिशेला मक्का. जुन्या विद्वानांनी आकाशाचे हिशोब मांडून हे काढलं होतं. पहिली वेळ मे संपताना येते, दुसरी पावसाळ्यात, तेव्हा आपल्याकडे ढग. "पन आपल्याकडं ती घडी किती वाजता येते, ते मला ठाव नाय. शिकलो, पन करून कधी बघितलं नाय."

ते मला येत होतं! एका रेखांशाला चार मिनिटं, हे बाईंनी सुट्टीआधीच घोकून घेतलं होतं. मक्का आपल्या पश्चिमेला तेहतीस रेखांश लांब. म्हणजे सूर्य तिथे डोक्यावर येणार आपली मध्यान्ह झाल्यावर दोन तास बारा मिनिटांनी. आपली मध्यान्ह म्हणजे काठीची सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की तसं अजून कोणी माझ्याकडे पाहिलेलं नाही. तुमच्याकडे अर्धी गोष्ट होती, माझ्याकडे अर्धी, आणि दोन्ही अर्ध्या आमच्या स्वयंपाकघरात एकमेकींना मिळाल्या.

पण गाव म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. तुम्ही नमाजची दिशा बदलायची गोष्ट काढलीत आणि मशिदीचे मुतवल्ली, सगळा कारभार पाहणारे, भडकले. "पोरीच्या दोऱ्यावर मशीद फिरवायची? उद्या शाळेतली पुस्तकं बघून रोजेपन सोडायचे काय? आणि आमच्या बापजाद्यांच्या नमाजा? त्या फुकट गेल्या?" तुम्ही मशिदीचे इमाम, तुमचं जेवण तेव्हा घराघरातून पाळीने यायचं. त्या आठवड्यात तीन घरांतून डबा आला नाही. दुसरा इमाम बघू, असंही कोणी बोललं. मला रडू यायचं. माझ्या हसण्याने हे सगळं झालं असं वाटायचं. अम्मा कालवणाचं भांडं माझ्या हाती देऊन म्हणायची, "जा, देऊन ये, आणि तोंड धुऊन जा." तुम्ही भांडं घेताना फक्त विचारायचात, "सावली बघितलीस आज? कधी आखूड झाली?"

त्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर तुम्ही उभे राहिलात. मी बाहेर अंगणात, खिडकीखाली. तुम्ही म्हणालात, "ज्यांनी ही मशीद बांधली त्यांनी जेवढं कळत होतं तेवढं मनापासून शोधलं. त्यांच्या नमाजा झाल्या. त्याची काळजी तुमी करू नका, ती कबूल करनारा बसलाय. आता आपल्याला जास्त कळतंय. कळूनपन तोंड तिकडं वळवलं नाय, तर जाब आपल्याला द्यावा लागंल, त्यांना नाय. आणि मी चुकत असलो तर उद्या दुपारी अंगनात या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

सगळे आले. मुतवल्लीही आले, हात मागे बांधून. गवंड्याचा ओळंबा लावून काठी सरळ केली होती. घड्याळ रेडिओवरच्या बातम्यांना लावलं होतं. सावली रोज बारा छत्तीसला सगळ्यात आखूड होत होती, म्हणून तीनला बारा मिनिटं कमी असताना तुम्ही मला हाक मारलीत. मी सावलीच्या टोकाशी खूण केली. तुम्ही सुतळी धरलीत, सावलीवरून काठीपर्यंत आणि काठीपासून पुढे मशिदीच्या भिंतीकडे. माझा गोल आणि दोरा बाजूला होता, होकायंत्रही. दोऱ्याची आणि सावलीची, दोन्ही रेघा एकच निघाल्या. मग मुतवल्ली खाली बसले, सुतळीचं टोक तुमच्या हातून घेतलं, डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "उजवीकडं हाय." तुम्ही मोठ्याने म्हणालात, म्हणजे आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे हिनं मोजलंय." त्याच संध्याकाळी आत फरशीवर चुन्याने तिरक्या रेघा ओढल्या. भिंत तिथेच राहिली, रांगा वळल्या. पाहुणा आला की अजून विचारतो, आणि गावातली माणसं अभिमानाने सांगतात. मुतवल्लींचा नातू तर असा सांगतो की जणू ही सगळी त्याच्या आजोबांचीच कल्पना!

पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर मी शहाणी झाले होते. एका सुट्टीत तुमच्याशी वाद घातला. एवढं विश्व करणाऱ्याला दिशेची काय गरज, असं विचारलं. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही चहा ओतत होतात. म्हणालात, "त्याला कुठं हाय गरज? गरज आपल्याला. शंभर मानसं शंभर दिशांना तोंड करून उभी राहिली, तर शेजारच्याचा खांदा लागंल काय?" मी पुष्कळ पुस्तकं वाचली त्यानंतर, दोन्हीकडची. काही प्रश्न सुटले, काही तसेच आहेत, आणि ते तसे असण्याचा आता त्रास होत नाही. पण जमीन मोजायला शिकवताना मी पोरांना सांगते की मोजमाप आधीच्याचं नाक कापायला नसतं. ते कुठून आलं, विचारू नये.

काल उलव्यात तेच झालं. तीनला बारा कमी. वरून विमान गेलं, सगळ्यांनी सवयीने वर पाहिलं, मी मात्र सावलीवरची नजर हलवली नाही. खडूने रेघ मारली, सुतळी धरून ती आतपर्यंत नेली, गालिचा अंथरला. तिथला एक तरुण, सॉफ्टवेअरवाला, मोबाइल खिशात घालत म्हणाला, "मॅडम, हे भारी आहे. कुठे शिकलात? आयआयटी?" मी म्हटलं, "मक्तबात." तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतेय. मग मी त्याला सगळं सांगितलं, तुमची पडवी, तांदळाचा डबा, मुतवल्लींची सुतळी. आतल्या बायका पडद्याबाहेर येऊन ऐकत बसल्या. घरी येताना फार बरं वाटत होतं. आज सकाळीच लिहायला बसले.

कारण एक गोष्ट राहिली आहे. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी गावी आले होते. तुम्ही थकला होतात, बाजेवर बसूनच पेढा घेतलात. मुलाखतीत काय विचारलं, म्हणालात. मी सांगितलं, गणिताची गोडी कोणी लावली, असं विचारलं. तुम्ही लहान पोरासारखे हसलात. "मग? माजं नाव सांगितलंस काय?" मी म्हटलं, "हो." त्या दिवशी तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलंत. त्यानंतर चार महिन्यांनी तुम्ही गेलात.

उस्ताद, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. टेबलापलीकडे तीन साहेब होते, आणि मक्तबातले उस्ताद म्हणायला मला लाज वाटली. कॉलेजच्या एका प्राध्यापकांचं नाव सांगितलं.