लहान केलेला हात

ऑल्गा, मी कुणाच्याही बाळाचा हात भाजलेला नाही. भाजलं ते पीठ. स्क्रँटनभर फोन फिरवण्याआधी मला एकदा विचारलं असतंस तर तुझी जीभ झिजली नसती.

आता रीतीचं. तुझ्या गुडघ्याला आराम पडो, तुझ्या नवऱ्याला नीट ऐकू येवो (किंवा न येवो, तुला सोयीचं असेल ते). मी ठीक आहे. चर्चमधून मला हाकललं हे खोटं. मी आपणहून उठले, आणि ताट घेऊन उठले.

झालं ते असं. माझी नात मारिका डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी कॉम्प्युटरवर शरीराची चित्रं काढते, हे तुला ठाऊक आहे. त्या चित्रांच्या रेषेवर बारीक ठिपके असतात. ठिपका ओढला की रेष वाकते, आणि चित्र केवढंही लहान-मोठं करा, कड म्हणून फाटत नाही. मी म्हटलं, हे तर आपलं कातडं ताणणंच झालं, फक्त नखं काळी होत नाहीत. (ग्लव्हर्सव्हिलच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी हातमोजे बेतले. सहावीत शाळा सोडली ती तुला पुढे शिकता यावं म्हणून. पण तो विषय मी काढत नाही.)

तर काही बाळं दोन बोटं जुळलेली घेऊनच जन्मतात. ती सुटी कशी करतात हे आईबापांना दाखवायची चित्रं मारिकाला मिळाली. नोकरी नवी, पहिलंच मोठं काम. हात हवा म्हणून तिने माझा घेतला, पेर न पेर मोजलं, हुबेहूब काढला, मग बाळाएवढा लहान केला आणि दोन बोटं चिकटवून टाकली. सर्जनबाईंनी परत पाठवला. दुरुस्त केला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा खाली लिहून आलं, "हे बाळ साधारण ऐंशी वर्षांचं दिसतं." आता चौथ्यांदा परत आलं तर काम दुसऱ्याला आणि मारिका घरी. पोरगी सिंकपाशी उभी राहून रडत होती.

"रडतेस काय?" मी म्हटलं. "लहान मापाचा हातमोजा म्हणजे मोठा धुऊन आटवलेला नव्हे! मी तसा बेतला असता तर मुकादमाने मला कातड्यासकट रस्त्यावर फेकलं असतं. बाळाचा तळवा पावासारखा, बोटं आखूड. बोटांमधली खाच कुठे सुरू होते ते आधी बघ, मग ओढ तुझे ठिपके."

"पण आजी, मापं कुठून आणू? बाळं मूठच उघडत नाहीत."

"ती मी आणते," म्हटलं. (तोंड आवरत नाही हा आपल्या घराण्याचा रोग. तुलाही आहे.)

रविवारी चर्चच्या तळघरात बाप्तिस्म्याचं जेवण होतं. अक्रोडाच्या रोलसाठी पीठ लाटून ठेवलेलं. मी पाच बाळांचे पंजे त्यात दाबले. बाळं खूश, आयाही हसत होत्या. हाताला सवय पडलेली, म्हणून कडेने सुरी फिरवून पाचही हात बेतून काढले आणि पट्टी शोधायला गेले. वाटेत हेलेनाने तिच्या पित्ताशयाची कहाणी लावली. पिठात यीस्ट असतं हे मला या वयात कुणी सांगायला हवं होतं का? परत येते तो सगळ्यांत धाकट्याचा पंजा बॉक्सरसारखा फुगलेला. मी पट्टी घेऊन त्याच्याशी झगडतेय, तेवढ्यात कुणा कामसू बाईने अख्खा ट्रे भट्टीत सरकवला. फादरनी गरम गरम एक उचलून अंगठा खाल्ला, आणि त्या अंगठ्याची आई किंचाळली. पुढचं तुला फोनवर कळलंच आहे, आणि चौपट कळलं आहे.

शेवटी दोन आयांना माझी दया आली. बाळ झोपलं की मूठ सैल पडते. तेव्हा हातमोज्याच्या फितीने मापं घेतली. मारिकाने एकेक बोट वेगळं बसवलं, तळवा भरला, खाच सरकवली. पक्कं देण्याआधी कच्चं सर्जनबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता हात बाळाचा आहे. पण बोटं चिकटवलेली वाटतात, तशी जन्मलेली वाटत नाहीत." त्यांच्याकडे फोटो आहेत, पण तिरके, आणि तिरक्या फोटोवरून माप निघत नाही. महिनाअखेरीस पक्कं द्यायचंय.

बाकी क्षेम.

तुझी थोरली,
वेरोना

ता.क. उरलेले हात फादर स्वतः डब्यात घालून घरी घेऊन गेले. हे कुणी सांगितलं नसेल तुला.

आणखी एक ता.क. तुझा पणतू एमिल चार महिन्यांचा झाला. तू पाठवलेल्या प्रत्येक फोटोत त्याच्या हातात लोकरी मोजे, जुलैतसुद्धा. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण माझ्यासारख्या बाईला लोकरीच्या आतलंही दिसतं. उजवा हात, मधली दोन बोटं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, ऑल्गा? मारिका येईल, तो झोपला की मोजेल आणि निघेल. नाव कुठेही येणार नाही. उद्या त्याच्या ऑपरेशनआधी तुझ्या नातीच्या, जोडीच्या पुढ्यात चित्र ठेवतील तेव्हा त्या आईला आपल्या पोराचा हात दिसावा, मला एवढंच हवंय.

तू उत्तर लिहू नकोस. तू नाही म्हणशील, आणि सुंदर अक्षरात म्हणशील. हे पान जोडीच्या हातात दे. आई ती आहे. उत्तर तिनेच लिहायचं.